खुर्ची ज्याची त्याने आणावी

सोमवार, ९ तारीख

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघे सध्या संपावर असल्यामुळे आठांतलं एक अंग उधार धरावं.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असावं. पक्षाने तिकिटाच्या तुम्हा सगळ्या इच्छुकांना ज्या अतिथिगृहात एकत्र ठेवलं आहे तिथल्या गाद्या म्हणे उत्तम आहेत आणि झोप कुणालाच लागत नाही. आमच्या व्याकरणशास्त्रात याला आकांक्षा म्हणतात. एक पद, म्हणजे शब्द, दुसऱ्या पदाची वाट पाहत बसतं, आणि ते आल्याखेरीज दोघांनाही अर्थ येत नाही. तुझं पद लवकर येवो.

फोनवर राजकारण बोलायचं नाही, ऐकणारे फार, असं तू बजावलंस, म्हणून हे पत्र तुझ्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. त्याने ते तुझ्याच हातात द्यावं म्हणून त्याला चहा पाजला आहे. चहाला जागणारा माणूस वाटतो.

आधी तुझं काम. मंडपवाल्याला तुझा निरोप दिला. शनिवारसाठी शहरातल्या सगळ्या भाड्याच्या खुर्च्या तुझ्या नावाने राखून ठेवल्या. त्याने विचारलं, "मास्तर, कार्यक्रम काय म्हणून लिहू?" मी म्हटलं, "खुर्च्यांना विश्रांती." तो हसला आणि म्हणाला, "दादांचं ऐकलं नाही तर पुढची पाच वर्षं माझ्या खुर्च्यांवर मी एकटाच बसेन." म्हणजे ते झालं. शनिवारी मैदानावर त्या प्रसूतिगृह वाचवणाऱ्या लोकांची सभा आहे आणि बसायला काही नाही. म्हातारी माणसं, पोटुशा बायका, कडेवर मूल घेतलेल्या आया फार वेळ उभ्या राहत नाहीत. रिकाम्या मैदानाचा फोटो तुझ्या श्रेष्ठींसमोर गेला की तुझं तिकीट पक्कं. "आधी त्या सभेचं काय होतं ते पाहू" असं ते तुला म्हणाले आहेत ना? पाहतील.

आता तू विचारलेले तीन प्रश्न. ही मंडळी चालवतं कोण, पैसा कुणाचा, आणि माणसं का येतात. तुझ्या सांगण्यावरून मी या वयात हेरगिरीला गेलो. हेराने वेषांतर करावं असं शास्त्र आहे. मी चष्मा पुसून गेलो.

चालवतं कोण? मागे कुणीतरी मोठा माणूस असणार असं तुला वाटतं. मी पडद्यामागे पाहायला गेलो तर पडदाच नाही. पालिकेचं प्रसूतिगृह पाडून तिथे वाहनतळ करायचं तुझ्या पक्षाने ठरवलं, तेव्हा तिथल्या एका परिचारिकेने शेजारपाजारच्या चार जणांना बोलावलं. तिला सगळे सिस्टरच म्हणतात. तुझ्या मैत्रीखातर कुणी त्यांना सभागृह देईना, म्हणून ते एका इमारतीच्या जिन्यात बसले. तेव्हापासून लोक त्यांना जिनेवाले म्हणतात. दादा, जिना ही जागा मी कधी राजकीय नजरेने पाहिली नव्हती. तिथे व्यासपीठ नसतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला घरी जायचं तर सगळ्यांना ओलांडत जावं लागतं, आणि इतक्या माणसांना 'जरा सरका' म्हणण्यापेक्षा तो मधेच एका पायरीवर टेकतो. टेकला की ऐकतो. ऐकलं की मधे बोलतो. पक्षप्रवेशाची याहून स्वस्त रीत मी पाहिलेली नाही.

मतदानाची त्यांची पद्धतही न्यारी. हात वर करायचे नाहीत. दोन मतं पडली की एक बोलणारा भिंतीला टेकून बसतो, दुसरा कठड्याला. ज्याचं पटलं त्याच्या मागे उठून जाऊन बसायचं. सिस्टर म्हणते, "हात काय, कंटाळा आला तरी वर जातो. बूड उचलायला पटावं लागतं." भाषा थोडी वैद्यकीय आहे, पण मुद्दा बिनतोड.

पैसा कुणाचा? इथे तुझी निराशा होईल. जो जिन्यात बसत नाही त्याच्याकडून ते काही घेत नाहीत, आणि जो बसतो त्याला विचारतात, "तुमच्याकडे पडून काय आहे?" छापखानेवाल्याकडे कागदाच्या कापलेल्या कडा पडून होत्या, म्हणून यांची पत्रकं बोटभर रुंद आणि हातभर लांब. वाचताना पक्षाघाताची तपासणी चालल्यासारखी मान वरून खाली नेत राहावी लागते. शिंप्याकडे चिंध्या होत्या, म्हणून दोन झेंडे एका रंगाचे नाहीत. एक ठेकेदार पाकीट घेऊन आला होता (तुझ्या ओळखीचाच, दोन्ही होड्यांत पाय ठेवायची त्याची जुनी सवय). सिस्टर म्हणाली, "आधी बसा." बिचारा बसला. शेवटी पाकिटासकट कळ आलेली कंबर धरून गेला. आपल्याकडे पैसा कुठून येतो हे मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. असा आपला बंधुभाव टिकला. पण या लोकांचं बघून आलो आणि पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं. असो.

माणसं का येतात, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं की कळवीन.

खुर्च्या मिळणार नाहीत ही बातमी काल जिन्यात पोहोचली. सिस्टरचा चेहरा पडला. सभा पुढे ढकलू म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मग कुणीतरी म्हणालं की ज्याने त्याने आपापल्या घरून खुर्ची आणावी. आणि काय सांगू, भिंतीकडचे एकेक उठून कठड्याकडे गेले, शेवटी सिस्टरही गेली. मला हसू आलं. माणसाला सभेला आणावं लागतं, गाडी पाठवून, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. तो आपल्या पायाने येईल, आणि वर खुर्ची उचलून? निश्चिंत राहा.

वहिनी बऱ्या आहेत. परवा तुझा फोन आला तेव्हा त्या बाहेर गेल्या होत्या. कुठे ते मी विचारलं नाही, त्यामुळे मला सांगता येत नाही. माझं जेवण झाकून ठेवलेलं असतं. तब्येतीला जप.

तुझा हेर आणि भाऊ,
धाकटा

रविवार, १५ तारीख

ती. दादा,

नमस्कार.

तुझी चिठ्ठी मिळाली. "एका ओळीत कळव, मैदान भरलं का?" एका ओळीत: भरलं.

ही ओळ वाचून तू पत्र बाजूला ठेवशील म्हणून विनंती करतो, ठेवू नकोस. पुढचं मोठं आहे आणि ते तू दुसऱ्या कुणाकडून ऐकावंस असं मला वाटत नाही.

काल दुपारी मी गॅलरीत उभा होतो. रस्ता रोजच्यासारखा. आधी एक म्हातारबा दिसले, डोक्यावर स्टुलासारखं काहीतरी उलटं धरलेलं, चारही पाय आकाशाकडे. मला वाटलं सामान हलवताहेत. मागून समोरच्या इमारतीतले पती-पत्नी आले, दोघांत एक खुर्ची, दोन बाजूंनी धरून. मी वरून विचारलं, "एकच?" बाई म्हणाल्या, "आळीपाळीने बसू. हे भाषणात झोपतात, तेव्हा माझी पाळी." मग कोपऱ्यावरून लोंढाच आला. जेवणाच्या टेबलाच्या उंच पाठीच्या खुर्च्या, कार्यालयातली चाकांची गोल फिरणारी खुर्ची उतारावर मालकाच्या पुढे पळणारी, शाळेचा बाक चौघींच्या खांद्यांवर, घडीच्या खुर्च्या काखेत, तान्ह्या मुलाची उंच खुर्ची मुलासकट. न्हावी आपली दुकानातली वर-खाली होणारी खुर्ची हातगाडीवर बांधून निघाला होता आणि लोक त्याला विचारत होते, "दाढीचं काय?" "सभेनंतर," तो म्हणे. चाकाच्या खुर्चीतला तो पेन्शनर, कोपऱ्यावरच्या घरातला, सगळ्यांच्या मधून दिमाखात चालला होता. म्हणाला, "मास्तर, मी जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी तयार!"

दादा, मी खाली उतरलो. उतरावंसं वाटलं म्हणण्यापेक्षा वर उभं राहवेना. एवढी माणसं चालत होती आणि घोषणा एकही नव्हती. नुसता लाकडाचा, लोखंडाचा, प्लास्टिकचा आवाज. हात मोकळा नाही त्याला मूठ वळता येत नाही. वाटेत तुझ्या पक्षाचा हॉल लागला. दार उघडं होतं. आत तुझ्या नावाने राखलेल्या पांढऱ्या खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचल्या होत्या, ताडपत्रीखाली, आणि मंडपवाला एकटाच दारात, तोंड उघडं टाकून रस्त्याकडे बघत उभा होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, इतकी वर्षं मी खुर्च्या मोजून सांगायचो किती माणसं येणार. आज माणसं..."  

तुझी विद्या मला ठाऊक आहे. खुर्च्या पातळ लावायच्या, मागच्या दोन रांगा आधीच उचलून ठेवायच्या, छायाचित्रकाराला डाव्या कोपऱ्यातून घ्यायला लावायचं. मी त्या विद्येला हसलो असेन, पण कमी कधी लेखलं नाही. तू चुकला असशील तर तुझ्यासारख्या जाणकारानेच करावी अशी चूक केलीस. तूच सांगायचास की भाड्याच्या खुर्चीवरचा माणूस भाषण संपायच्या आत उठतो. पण जो आपली खुर्ची उचलून एवढं अंतर आला, तो अर्ध्यात उठून ती परत वाहून नेणार कशासाठी? तू सगळ्या खुर्च्या अडवल्यास आणि बसल्या जागी हो म्हणणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी उचलायला दिलंस. माणसं का येतात, हा तुझा तिसरा प्रश्न होता. मला वाटतं, त्यांना येताना काहीतरी उचलावं लागलं, म्हणून आली.

मैदानावर कुणी रांगा लावल्या नव्हत्या. जो आला त्याने आपली खुर्ची आधीच्या माणसाच्या भोवती कुठेतरी ठेवली. बघता बघता वर्तुळं झाली, मोठी आणखी मोठ्यांत, कुंपणापर्यंत. परिषद म्हणजे भोवती बसणं, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे! मुलं वहीत उतरवून घेतात, मी डस्टरने पुसतो. काल तो शब्द माझ्यासमोर मैदानावर बसला होता. मी चष्मा काढून पुसला. धूळ असेल.

मी कुठे होतो ते विचारू नकोस. मैदानावर होतो.

भाषणं थोडी झाली. प्रसूतिगृहात जन्मलेल्यांनी हात वर करा, असं कुणीतरी म्हणालं, आणि जवळजवळ सगळं मैदान हात वर करून बसलं. म्हातारे राहिले होते, ते म्हणाले, "आमची पोरं!" मग सिस्टर उठली. नुसती सभा करून इमारत वाचत नाही, आपला माणूस निवडून द्यावा लागेल, असं ती म्हणाली. "मी पालिकेची नोकर, मला उभं राहता येत नाही. नावं सुचवा." एक निवृत्त पोस्टमास्तर पुढे आले. शिंपीकाका पुढे आले. आणि मागून बायकांनी आरडाओरडा सुरू केला, "घरून खुर्च्या आणा म्हणणाऱ्या कुठे आहेत? त्यांना पुढे करा!"

मागच्या पत्रात मी 'कुणीतरी म्हणालं' असं लिहिलं होतं. कर्ता लपवायचा असेल तर आमच्याकडे त्यासाठी सबंध प्रयोग आहे. मी नुसत्या सर्वनामावर भागवलं.

त्या वहिनी होत्या, दादा.

पावसाळ्याच्या आधीपासून त्या जिन्यात जात आहेत. मी हेरगिरीला पहिल्या दिवशी गेलो, तर दुसऱ्या पायरीवर त्या बसलेल्या. मला बघून दचकल्या नाहीत. "या भावोजी, भिंतीकडे जागा आहे," एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं तू परत आलास की समोर बसून सांगाव्यात या गोष्टी. मला वाटत होतं तोवर हे सगळं आपोआप विरून जाईल. आम्ही दोघंही चुकलो.

काल त्यांना लोटत पुढे आणलं. स्वयंपाकघरातली निळी खुर्ची, ज्यावर त्या भाजी निवडतात, ती त्यांच्या हातातच होती. ती ठेवून तिच्या मागे उभ्या राहिल्या, पाठीवर दोन्ही हात. ध्वनिक्षेपक कुणी पुढे केला तर त्यांनी बाजूला सारला. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात तू आहेस.

"मला भाषण येत नाही. ऐकली मात्र पुष्कळ आहेत, चहाचे कप भरता भरता. हे प्रसूतिगृह इथे नव्हतं. बायका हातगाडीवर घालून न्याव्या लागायच्या. माझ्या मालकांनी तेव्हा पालिकेच्या दारात ठाण मांडलं आणि हे आणलं. त्यांच्या सह्यांसाठी मी दारोदार फिरले होते. तीच दारं मी परत वाजवली, एवढंच केलंय. ज्यांनी आणलं त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. जे आणलं, ते पाडू देणार नाही."

आणि बसल्या.

मग जे झालं ते पाहायला तू तिथे हवा होतास. म्हणजे, तू तिथे नव्हतास याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल. तिघं तीन बाजूंना बसले होते आणि सिस्टर म्हणाली, "चला, जिन्यातल्यासारखं." क्षणभर काहीच हललं नाही. नंतर एका म्हातारीने आपला स्टूल उचलला. मग सगळं मैदान उठलं. खुर्च्या डोक्यांवर गेल्या, वर्तुळं मोडली, पायांच्या जंगलासारखं काहीतरी हवेत सरकू लागलं, आणि ते हळूहळू एका बाजूला वळलं. धक्काबुक्की नाही. "जरा सांभाळून, कडेवर मूल आहे," "आजी, तुमची मी घेतो," असे आवाज. न्हाव्याची ती अवजड खुर्ची सहा जणांनी उचलून वहिनींच्या मागे नेली. पोस्टमास्तर थोडा वेळ आपल्या ओसाड बाजूला बसले, मग हसले, आपली खुर्ची घेतली आणि तेही गेले. शिंपीकाका त्यांच्या पाठोपाठ. धूळ बसली तेव्हा अर्धं मैदान मोकळं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या पुढे ती निळी खुर्ची. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटली. जे फार मोठं असतं त्याच्या जवळ उभं राहिल्यावर वाटते ती.

कुणी मला विचारलं असतं की लोक म्हणजे काय, तर परवापर्यंत मी तुझ्यासारखंच उत्तर दिलं असतं, आकड्यात.

घरी आल्यावर त्यांनी कुकर लावला. मी दाराशी उभा. म्हणाल्या, "लिहिणार ना त्यांना?"

"लिहावं लागेल."

"मग सगळं लिहा. आणि फार संस्कृत घालू नका, त्यांना घाई असेल."

मी म्हटलं, "त्याचं तिकीट जाईल, वहिनी."

त्यांनी ओटा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? कितीतरी रात्री मी त्यांना या तिकिटासाठी येरझाऱ्या घालताना पाहिलंय. पण आता त्यांचे श्रेष्ठी काय करतील सांगते. मंगळवारी तिकिटं ठरवायची आहेत, तेव्हा यांना आत बोलावतील. म्हणतील, बायकोला माघार घ्यायला लावा, लगेच देतो. आणि हे म्हणतील, 'तिची काळजी सोडा, तिला मी बघतो.' सवयीने म्हणतील. तेवढं म्हणू नका असं लिहा. मी माघार घेणार नाही. तिकीट मिळालं तर खुशाल समोर उभे राहा म्हणावं, मी डबा बांधून देईन प्रचाराला. नाही मिळालं तर घरी या म्हणावं. पण माझ्या नावावर काही कबूल करून आलात तर..."

त्यांनी गॅस बारीक केला. डोळे पुसले, कांदा चिरलेला नव्हता, दादा, मी पाहिलं.

तुला काय सल्ला देणार? राजकारणातलं मला कळत नाही, आणि कालपासून तर मुळीच कळत नाही. एवढं मात्र सांगतो. पालिकेच्या दारात बसलेला तू मला आठवतोस. अंगावर एकच सदरा, दाढी वाढलेली, भोवती मोजकी माणसं, आणि त्यांतली एक भर उन्हात तुझ्यासाठी सह्या गोळा करून आणणारी, जिच्याशी तुझं अजून लग्नही झालं नव्हतं. तेव्हा तुमच्याकडे ना गाडी होती ना मंडपवाला. काल मैदानावर मला सारखं वाटत होतं की हे सगळं तू सुरू केलंस आणि मधे कुठेतरी विसरून गेलास, आणि त्या विसरल्या नाहीत.

मंगळवारी त्या दारातून आत जाशील तेव्हा तुझ्या मनात येईल ते बोल. भांड, विनव, पक्ष सोड, नाहीतर धरून राहा. फक्त ते एक वाक्य बोलू नकोस. बाकी काहीही बोलून घरी ये. दार त्या स्वतः उघडतील.

तुझाच, पण काल आपली खुर्ची उचलून वहिनींच्या मागे तिसऱ्या रांगेत जाऊन बसलेला,
धाकटा